कासातीर : चांदीची नळी, रबरी नळी

गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात अब्बांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. ऑपरेशनपेक्षा लघवीच्या नळीचाच त्यांना जास्त जाच. ‘बेटा, ये नली निकाल दे रे,’ दर तासाला हेच. नर्सला सांगायची मात्र लाज. शिक्षकाची खोड म्हणा, मी त्या नळीचा इतिहास शोधू लागलो.

युनानी तिब्बच्या उर्दू पुस्तकांत तिला ‘कासातीर’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अरबीमार्गे उर्दूत आला. ‘कॅथेटर’ही त्याच मुळाचा. इ. स. १००० च्या सुमारास कुर्तुब्याचे सर्जन अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘किताबुत तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात ही नळी आहे : चांदीची, गुळगुळीत, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीसारखी पोकळ. घालण्यापूर्वी तिला तेल, लोणी, अंड्याचा पांढरा बलक लावावा, असे ते सांगतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत नळीला तूप माखायची सूचना आहेच. इब्न सिना आणखी पुढे गेले. नळी मऊ आणि वाकणारी हवी, कातडीची चालेल. आतून सूज असेल तर ती घालूच नये, सूज आणि वेदना वाढतात, असे त्यांचे मत. हजार वर्षांपूर्वीच्या हकिमाला रोग्याच्या कळवळण्याची एवढी जाण होती, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

१७५२ मध्ये अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी मुतखड्याने बेजार झालेल्या भावासाठी सोनाराकडून सांध्यांची, वाकणारी चांदीची नळी करवून घेतली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या नेलाटन यांची रबरी नळी आली. पण ती आत टिकायची कशी? १९३० च्या दशकात अमेरिकेचे डॉ. फोली यांनी टोकाशी फुगा असलेली नळी पुढे आणली. आत गेल्यावर फुग्यात पाणी भरायचे, म्हणजे नळी निसटत नाही.

अब्बांच्या त्रासाचे मूळ नेमके तिथेच होते. फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो, म्हणून पिशवीत लघवी उतरत असतानाही लागल्यासारखी वाटते. माणूस कुंथतो आणि कळ वाढते. हे समजावल्यावर त्यांचे कुंथणे थांबले. नर्सने नळी मांडीला पट्टीने बांधली, ओढ बसेना. पिशवी कायम कमरेखाली, नळीला पीळ नाही, रोज साबण-पाण्याने स्वच्छता, डॉक्टरांनी सांगितले तेवढे पाणी, आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. तरीही कळा आल्या तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. पिशवीत लघवी येणे थांबले, पोट तटतटले, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या तर रात्र असली तरी कळवा, असे त्यांनी बजावले होते. नळी स्वतः ओढायची तर मुळीच नाही. फुगलेला फुगा आतून फाडत येतो.

अब्बांची खरी बेचैनी वेगळीच होती, ती तिसऱ्या दिवशी कळली. नमाज. अंगाला पिशवी लावून पाकी कशी राहणार? हनफी फिक्हप्रमाणे असा माणूस ‘माजूर’ ठरतो. दर नमाजेच्या वक्ताला नवा वुजू करावा आणि नमाज पढावी. मोहल्ल्यातल्या मौलानांनी फोनवर हेच सांगितले. त्या रात्री अब्बांनी पलंगावर बसूनच इशा पढली आणि पहाटेपर्यंत झोपले.

पाचव्या दिवशी नर्सने सिरिंजने फुग्यातले पाणी काढून घेतले आणि नळी अलगद बाहेर आली. अब्बा त्या मऊ नळीकडे बघत राहिले. ‘इतनीच थी क्या?’ म्हणाले.