जुन्या मोटारीच्या दाराचें रबर

नाशिकचा पाऊस तसा बेताचा. पण मुंबईच्या वाटेवर इगतपुरी आली कीं त्याला ताळतंत्र राहत नाहीं. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या दाराचें रबर, ज्याला गॅरेजवाले ‘बीडिंग’ म्हणतात, त्याची परीक्षा तेथें होते.

पूर्वीं ही चिंता नव्हतीच, कारण दारांना कांचाच नव्हत्या! १९४५ सालीं आलेल्या एम.जी. टी.सी.ला बाजूचे पडदे अडकवीत. स्वार थोडाफार भिजणार हें गृहीतच असे. १९६२ च्या एम.जी.बी.ला वरखालीं होणाऱ्या कांचा आल्या आणि पाणी अडविण्याचा भार रबरावर पडला.

चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ केलें खरें. तरी हवेंतील ओझोन ताणलेल्या नैसर्गिक रबराला चिरा पाडतो. पुढें निघालेलें ई.पी.डी.एम. हें कृत्रिम रबर मात्र ओझोनला दाद देत नाहीं.

कांहीं संग्राहक म्हणतात, मूळ रबर काढलें तर इतिहास गेला. मला हें पटत नाहीं. चिरलेल्या रबराखालीं पाणी मुरून पत्रा गंजतो. मग इतिहास उरणार कशांत? जुन्याचा एक तुकडा मात्र जपून ठेवावा, कारण नव्याचा छेद त्याच्याशींच ताडावयाचा असतो. छेद जाड निघाला तर दारच लागत नाहीं. जुना गोंद खरवडावा. रबर ताणून बसवूं नये, तें आखडतें आणि फट पडते. शेवटीं दारांत कागदाची पट्टी धरून ओढून पाहावी. सहज निघाली, तर तेथून पाणीहि येणार.