किल्ली कोणाच्या हाती?

सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेकडे गेला, की घरचा कारभार बदलला असे आपण समजतो. पण माणूस थकले म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाराची किल्लीही काढून घ्यावी काय?

अमेरिकेतील केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला 55व्या वर्षी पक्षाघात झाला. शुश्रूषागृहात सारे मिळे. स्वतःचे दार तेवढे मिळेना. लेक वार्धक्याचा अभ्यास करू लागली, तेव्हा आईने मागणे घातले ते एका लहानशा खोलीचे, स्वयंपाकाच्या ओट्याचे आणि आतून बंद करता येईल अशा दाराचे!

1983 साली ओरेगॉनमधील पोर्टलंड शहरात 112 बिऱ्हाडांचे ‘पार्क प्लेस’ उभे राहिले. जेवण, औषधपाणी, परिचारिका, मदतीसाठी रात्रंदिवस घंटा. पण किल्ली राहणाऱ्याच्याच हाती. जाणत्यांना यात धोका दिसला. 1988 साली राज्याने पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: प्रकृती टिकली, उदासी घटली, सरकारी खर्चही पाचव्या हिश्श्याने उतरला.

पुढे अशी घरे झपाट्याने वाढली. नाव तेच राहिले. किल्ली मात्र पुष्कळ ठिकाणी पुन्हा कचेरीत गेली.

म्हणून वडीलधाऱ्यांसाठी असे घर पाहायला जाल, तेव्हा बाग मागाहून पाहा. आधी दाराची कडी पाहा!