घाटाची शिस्त आणि वेगाची हौस

मराठी मुलखातील मोटारीचा इतिहास सांगू पाहणाऱ्याने आरंभ मुंबईपासून करावा असा सर्वसाधारण प्रघात आहे. आणि १८९८ साली मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या व त्यांच्या अगदी आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटा यांची गणना होते हे ध्यानात घेता तो प्रघात अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु मोटार विकत घेणे निराळे आणि ती हाकण्याची विद्या अंगी मुरणे निराळे. आणि ही विद्या आमच्याकडील माणसांना ज्यांनी खऱ्या अर्थाने शिकविली, त्या सह्याद्रीच्या घाटांपैकी वाईहून पाचगणीस चढणाऱ्या पसरणीच्या घाटाचे ऋण, माझ्या मते, आजवर कोणी पुरेसे मान्य केलेले नाही.

या वाटेचे महत्त्व वाढले ते महाबळेश्वरामुळे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ साली करार करून, वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वर कंपनी सरकारच्या अंमलाखाली आणले, आणि पुढे उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभारच दफ्तरासह या डोंगरावर येऊ लागला. पाचगणी त्यामानाने उशिरा वसली. महाबळेश्वरी पावसाळ्यात राहणे अशक्य, म्हणून त्याच्या पूर्वेस, पाऊस बेताचा असलेल्या या डोंगरसोंडेवर जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वसाहत उभी केली, सिल्व्हर ओकची झाडे लावली, आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा पुढे शाळांचे व आरोग्यधामांचे गाव म्हणून नावारूपास आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. तेव्हा ही वाट चढणाऱ्यांत साहेब होते, व्यापारी होते, शाळेत मुले पोचविण्यास निघालेले आईबाप होते, आणि ज्यांना एकही धक्का सोसण्यासारखा नव्हता असे रुग्णही होते. ज्या रस्त्यावरून आजारी माणूस न्यावयाचा असतो, त्या रस्त्यावरील सारथ्यास हळुवारपणा आपोआप शिकावा लागतो.

आगगाडी आली ती डोंगरापासून दूर, वाठारपर्यंत. वाठार स्टेशनापासून महाबळेश्वर सुमारे चाळीस मैल. हे अंतर टांग्याने, टप्प्याटप्प्यावर तट्टे बदलीत काटावे लागे. घाटाच्या पायथ्याशी ताज्या दमाची तट्टे जोडावयाची, चढावर सशक्त उतारूंनी खाली उतरून चालावयाचे, आणि उतरताना जनावरावर भार येऊ नये म्हणून चाक आवळून धरावयाचे, ही त्या काळच्या टांगेवाल्यांची रीत होती. मोटार आली तेव्हा तट्टू गेले, परंतु रीत गेली नाही. वाई ते पाचगणी या सुमारे बारा किलोमीटरांच्या वाटेत रस्ता अठराशे फुटांहून अधिक चढतो. त्या चढावर जुन्या मोटारींचे पाणी उकळे, वळणावर थांबून झाकण उघडून ते पुन्हा भरावे लागे, आणि थांबलेली गाडी मागे सरकू नये म्हणून क्लीनरने उडी टाकून चाकामागे दगड लावावा लागे. टांग्याचा टप्पा होता त्याच हिशेबाने मोटारीचाही विसावा ठरला. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली, खाजगी सर्व्हिस मोटारींचा काळ हळूहळू सरला, आणि घाटातील सारथ्याची ही परंपरा खाकी गणवेशातील ड्रायव्हरांच्या हाती आली.

या परंपरेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत तडजोड नाही. ज्या गियरने चढावयाचे त्याच गियरने उतरावयाचे. उतारावर गाडी न्यूट्रल करावयाची नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न दिल्यावाचून पुढे जावयाचे नाही. आणि चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावयाची. यांतील शेवटचा नियम १९८९ च्या केंद्रीय रस्ता विनियमांत कलमबद्ध झाला खरा, पण घाटातल्या ड्रायव्हरांना तो कोणी वाचून दाखविलेला नव्हता. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे किती कठीण, हे त्यांना क्लचच्या जळक्या वासाने शिकविले होते. घाटाच्या पायथ्याचे पसरणी गाव शाहीर साबळे आणि बांधकाम-उद्योजक बी. जी. शिर्के यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याच्याच नावाच्या या रस्त्यावर कित्येक अनाम सारथ्यांनी आयुष्ये घालविली, त्यांचीही नोंद कोठे तरी असावी असे मला मनापासून वाटते.

येथे प्रश्न उभा राहतो तो हौशी मोटारवाल्याचा. पोटासाठी हाकणाऱ्याला वेगाचा मोह नसतो. तो वेळेवर आणि सुखरूप पोचण्यात समाधान मानतो. हौशी माणसाची प्रीती मात्र खुद्द यंत्रावर असते, आणि आपले यंत्र कोठपर्यंत जाऊ शकते हे पाहावेसे वाटणे ही त्या प्रीतीतूनच उपजणारी, सर्वस्वी स्वाभाविक अशी जिज्ञासा आहे. आमच्याकडे ती मोटारीइतकीच जुनी. १९०४ च्या डिसेंबरात मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी सुमारे ८८० मैलांची मोटारींची कसोटी योजिली, तेव्हा देशात धड रस्तेही नव्हते. पुढे तरुणपणी जे. आर. डी. टाटा यांना बुगाटी मोटारीचे असेच वेड होते. मुंबईच्या रस्त्यावर ती बेफाम हाकल्याच्या आरोपात बचावासाठी ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, आणि तेथेच विकाजींची पुतणी थेल्मा यांची व त्यांची ओळख होऊन पुढे १९३० साली विवाह झाला. त्या प्रकरणाचा शेवट गोड झाला. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील वेगाची वाट कोर्टाच्या किंवा इस्पितळाच्या दाराशी जाते, हे तेव्हाही खरे होते.

विलायतेत या प्रश्नाचे उत्तर फार लवकर शोधले गेले. १९०३ च्या कायद्याने तेथे रस्त्यावरील मोटारीस ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. तेव्हा ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यातील स्वतःच्या मालकीच्या जागेत, स्वतःच्या खर्चाने, पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा मार्ग बांधविला. १९०७ साली खुला झालेला हा ब्रुकलँड्सचा मार्ग मुद्दाम मोटारशर्यतींसाठी बांधलेला जगातील पहिला मार्ग मानला जातो. कायद्याने जे रस्त्यावर नाकारले त्याला कुंपणाच्या आत, वाटसरूंच्या जिवाला धोका न देता, रीतसर जागा दिली गेली. आणि माझ्या दृष्टीने मोटारशर्यतींच्या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणत्याही विजेत्याने केलेली नसून ती या जमीनदाराने केलेली आहे.

आपल्या देशात अशी जागा विमानांनी दिली. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शहराजवळच्या शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरविल्या. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली साधी फियाट, मागची बैठक काढून, इंजिनाशी रात्र-रात्र खटपट करून, मालकाने स्वतःच तेथे आणावी असे ते दिवस होते. पुढे दक्षिणेने हे काम नेटाने वाढविले: मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे कायमचा मार्ग झाला, आणि कोइमतूरजवळ, स्वतः शर्यतीच्या मोटारी घडविणारे उद्योजक एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ करी मोटर स्पीडवे उभा राहिला. त्याच कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, यात योगायोग फारसा नाही. जेथे आखाडा असतो तेथे मल्ल निपजतात. महाराष्ट्रात मोटारी फार लवकर आल्या, मोटारींचे कारखानेही येथे उभे राहिले, तरी हौशी माणसाला रीतसर वेग अनुभवावयाचा तर बहुधा आजही बेळगाव-हुबळीच्या वाटेने परराज्यात जावे लागते, याची खंत वाटते.

अशाच एका प्रवासाची हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे. पाचगणीचा एक स्ट्रॉबेरी-बागायतदार तरुण, ज्याच्या वडिलांनी उमेदीची वर्षे घाटात टॅक्सी चालविली, तो आपल्या वाई-साताऱ्याच्या मित्रांसह प्रथमच ट्रॅक डे करण्यास कोइमतुरास निघाला, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून मीही सोबत होतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. कोणास हरवावयाचे नसते, बक्षीस नसते. आपली रोजची गाडी बंदिस्त मार्गावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली, तिच्या व आपल्या सामर्थ्याच्या सीमेपर्यंत नेऊन पाहावयाची, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी प्रथम गाड्यांची तपासणी झाली: बॅटरी घट्ट बांधली आहे की नाही, ब्रेक ऑइल ताजे आहे की नाही, आत कोठे पाण्याची बाटली किंवा देवाची मूर्ती सुटी तर राहिली नाही. मग बावट्यांचा पाठ झाला. पिवळा दिसताच वेग कमी आणि कोणासही मागे टाकणे बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. काळा आपल्याला दाखविला तर मुकाट्याने पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या थांब्यावर, परतावयाचे. लाल म्हणजे सर्वांचेच धावणे थांबले.

पहिल्या फेऱ्यांत त्या तरुणाची अडचण अशी झाली की तो मार्गाची डावी बाजू सोडीच ना. शेजारी बसलेला शिक्षक हातानेच खुणावीत होता की वळणाआधी बाहेरच्या कडेला जा, मग आतल्या टोकाला भीड, आणि सुटताना पुन्हा बाहेर ये. म्हणजे वळणाची त्रिज्या वाढेल आणि गाडी कमी वळवावी लागेल. परंतु आयुष्यभर घाटात हाकलेल्या माणसाच्या हाताला रस्त्याची उजवी बाजू परक्याची असते. तेथे कोणत्याही क्षणी एस. टी. चे तोंड उगवेल या धास्तीने त्याचे मनगट आखडत होते. पिटच्या भिंतीवरून एक मित्र ओरडला, "अरे भावा, समोरून कोण येत नाय! सगळा रस्ता तुझाच हाय!" हे वाक्य त्याला ऐकू गेले असण्याचा संभव नाही, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडीने प्रथमच मार्गाची सारी रुंदी वापरली, आणि ती रेषा इतकी सुरेख उमटली की भिंतीवरचे सगळेच टाळ्या पिटू लागले.

घाटाने दिलेली जी गोष्ट तेथे अडचणीची ठरली नाही, उलट उपयोगी पडली, ती म्हणजे उष्णतेची जाण. वेगात वारंवार दाबलेले ब्रेक तापतात, पॅडची पकड सुटू लागते, ऑइल उकळले तर पेडल पोकळ होऊन थेट खाली जाते. टायरमधील हवा तापून दाब चढतो व पकड घटते. शहरात शिकलेले कित्येक जण हे भोगून शिकतात. आमच्या तरुणाने मात्र वास येताच आपण होऊन एक फेरी सावकाश मारली, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवली, कारण तापलेल्या चकतीवर पॅड आवळून ठेवू नयेत हे तो जाणून होता, आणि मग टायरचा दाब मोजून थोडी हवा सोडली. हे कोणी शिकविले, असे शिक्षकाने कौतुकाने विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "आमचे आबा घाटात गाडी चालवायचे."

पाचगणीस येणाऱ्या काही उत्साही मंडळींस टेबल लँडचे विस्तीर्ण पठार पाहून, हाच उत्तम धावमार्ग होईल असा विचार सुचतो. तो विचार मनातून समूळ काढून टाकला पाहिजे. जांभ्या दगडाचे ते पठार दिसते तितके रिकामे नाही. पावसाळ्यात त्याच्या उथळ मातीत जी नाजूक वनस्पतिसृष्टी उगवते ती चाकाखाली एकदा भरडली गेली की लवकर परतत नाही. केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो निर्णय योग्यच होता. घाटाविषयीही तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची चढाओढ करणाऱ्यास शिक्षा सांगते, आणि पसरणीच्या घाटात रात्री मोटारी पळविणाऱ्यांस ती व्हावी, अशी माझी निःसंदिग्ध मागणी आहे.

मात्र मनाई करणाऱ्याने पर्यायही द्यावा. याच सातारा-सांगलीच्या मुलखात बैलगाडा शर्यतींचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांत राहिला, आणि अखेर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, नियमांच्या चौकटीत शर्यतींस मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरविला. आज परवाना घेऊन त्या भरतात. मग शोलावरम आणि जुहूच्या पूर्वोदाहरणास अनुसरून, विमानांच्या नित्य वापरात नसलेली एखादी धावपट्टी वर्षातून काही रविवार हौशी मोटारवाल्यांना रीतसर भाड्याने द्यावी, अशी दरखास्त सरकारपुढे मांडण्यास काय हरकत आहे? दोन्ही बाजूंस पेंढ्यांचे किंवा टायरांचे कठडे, एक रुग्णवाहिका, एक डॉक्टर, अग्निशामक बंब, बावटे धरणारी प्रशिक्षित माणसे, आणि नजीकच्या गावकऱ्यांची आगाऊ संमती, इतकी सिद्धता त्यास पुरेल. आणि तिचा खर्च सोसण्यास ही मित्रमंडळी तयार आहेत, हे परतीच्या वाटेवर हुबळीच्या ढाब्यावर मांडलेल्या त्यांच्या हिशेबावरून मला कळले.