पोटमाळ्यावरची चंद्रसफर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी लोकमान्य येतात, अष्टविनायक येतात, उकडीच्या मोदकांची कृतीही येते. यंदा संपादकांनी लेखाची जबाबदारी माझ्यावर टाकली तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकले की माझ्याकडे रॉकेट, यंत्रमानव आणि उडत्या तबकड्या यांच्याखेरीज काही मिळणार नाही. विज्ञानकथांवरचे चित्रपट पाहणे आणि जमवणे हा माझा चाळीस वर्षांचा छंद. मंडळातली निम्मी मंडळी मला ‘परग्रहवाले काका’ म्हणूनच ओळखतात. या छंदाने मला एक गोष्ट शिकवली. जुना चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळतो तो पुष्कळदा कुणीतरी त्याची एक प्रत टाकून न देता कपाटात, माळ्यावर ठेवून दिली म्हणून. याचा आपल्या मंडळाशी काय संबंध, ते शेवटी सांगतो.

मला हे वेड लागले ते पुस्तकांमुळे. डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ साली आला आणि माझ्यासारख्या कितीतरी मराठी वाचकांना अंतराळाची गोडी लागली. पुस्तक हवे तेव्हा पुन्हा उघडता येते. चित्रपटाचे तसे नव्हते. तो टॉकीजला लागायचा, आठवडाभर चालायचा आणि गेला की गेला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, या कारखान्याच्या वसाहतीत इंग्रजी चित्रपट यायचा तो रविवारी सकाळच्या खेळाला, तोही आला तर. गणपतीत मैदानावर पांढरा पडदा बांधून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवीत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत आणि मागच्या बाजूच्यांना सगळे नायक डावखुरे दिसत. दुसऱ्या दिवशी रिळे पेटीत बंद होऊन पुढच्या गावाला जात. चित्रपट आपल्या घरात असू शकतो, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

चित्रपट काढणाऱ्यांनाही तो जपून ठेवण्याची वस्तू वाटत नसे. विज्ञानपटांची परंपरा जिथून सुरू झाली असे मानतात तो ‘चंद्राची सफर’ हा फ्रेंच चित्रपट १९०२ सालचा. तो काढणारा जॉर्ज मेलिएस मूळचा जादूगार. तोफेतून उडालेले यान चंद्राच्या डोळ्यात रुतलेले त्याने दाखवले, ते चित्र आजही सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या शेकडो प्रती फ्रेंच सैन्याने ताब्यात घेऊन वितळवल्या. त्यातले सेल्युलॉइड बुटांच्या टाचांसाठी वापरले गेले. पुढे १९२३ साली कर्जात बुडालेल्या मेलिएसने उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. चित्रपट वाचला तो इतरांकडे गेलेल्या प्रतींमुळे. त्याची हाताने रंगवलेली प्रत मात्र कायमची गेली असेच सगळे धरून चालले होते. १९९३ साली नाव जाहीर न केलेल्या एका संग्राहकाने बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयाला दिलेल्या फिल्ममध्ये ती निघाली. रिळाचे वेढे एकमेकांना चिकटून गोळा झाला होता. तुकडा तुकडा सोडवून, संगणकावर जुळवून तयार झालेला रंगीत चित्रपट २०११ साली कान महोत्सवात दाखवण्यात आला.

फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची कथाही अशीच. भविष्यातले महानगर, जमिनीखाली राबणारे कामगार आणि माणसाचे रूप घेणारी यंत्रस्त्री यांचा हा सुमारे अडीच तासांचा मूकपट जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखवला गेला. फार लांब आहे म्हणून आधी अमेरिकेसाठी आणि मग जर्मनीतही त्याला कात्री लागली. सुमारे चौथा हिस्सा गेला तो ऐंशी वर्षे सापडला नाही. पण एका वितरकाने पूर्ण लांबीची प्रत अर्जेंटिनात नेली होती. ती पुढे एका चित्रपट समीक्षकाच्या खाजगी संग्रहात राहिली. तिच्यावरून केलेली १६ मिलिमीटरची प्रत २००८ साली ब्युनॉस आयर्सच्या एका लहान संग्रहालयात मिळाली. ओरखड्यांनी भरलेली, पण तीत सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग होता. तो जोडून चित्रपट २०१० साली बर्लिनमध्ये पुन्हा दाखवला गेला.

आपल्याकडे असे भाग्य सगळ्यांना लाभले नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत मिळालेली नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, मिळेल तिथून रिळे गोळा केली. आज फाळक्यांचे जे काही पाहायला मिळते त्यात त्यांच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे. पण नायट्रेटवरची जुनी फिल्म अतिशय ज्वालाग्राही. २००३ साली पुण्यातच अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुनी रिळे जळाली. जपायचे तर एकाच जागी ठेवून भागत नाही, हा त्यातला धडा.

एकाच गोष्टीच्या प्रती घरोघरी राहण्याची सोय झाली ती व्हिडिओमुळे. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणले. बीटाच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा. व्हीएचएसवर दोन तास, म्हणजे अख्खा इंग्रजी चित्रपट. घरी रेकॉर्डिंग करणे बेकायदा ठरावे म्हणून युनिव्हर्सल आणि डिस्ने या बड्या कंपन्यांनी सोनीवर दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की कार्यक्रम नंतर सवडीने पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करण्यात गैर नाही. एका मताने व्हीसीआर तरला. गंमत म्हणजे पुढे याच कंपन्यांनी कॅसेट विकून भरपूर पैसा कमावला.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्यापाठोपाठ गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. वसाहतीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणायच्या. दोन हिंदी आणि एक माझ्या हट्टाचा इंग्रजी. त्याचा नंबर पहाटे तीनला लागायचा, तेव्हा जागा असलेला मी आणि व्हीसीआरवाल्याचा पोऱ्या! पुढे स्वतःचा व्हीसीआर घेतल्यावर टीव्हीवर लागेल तो विज्ञानपट मी टिपू लागलो. जाहिरात आली की पॉज, संपली की पुन्हा सुरू. रेकॉर्डिंग झाले की कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडायचा, म्हणजे त्यावर चुकून दुसरे काही चढत नाही. आमच्या घरच्यांना त्या भोकावर सेलोटेप चिकटवण्याची युक्ती कळली आणि माझ्या एका मंगळस्वारीवर लग्नाच्या वरातीचे चित्रण चढले, ती गोष्ट वेगळी.

असे टिपणारे वेडे जगभर होते म्हणून काय काय वाचले पाहा. ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवाशाची ब्रिटिश मालिका १९६३ साली सुरू झाली. टेप महाग, आणि जुने भाग पुन्हा कोण पाहणार, म्हणून बीबीसीने साठ आणि सत्तरच्या दशकांत त्या पुसून पुन्हा वापरल्या. नव्वदहून अधिक भागांचे चित्रण आजही बेपत्ता आहे. पण त्या सगळ्या भागांचा आवाज शिल्लक आहे. का? तर काही प्रेक्षक घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवत होते. १९७१ सालच्या एका कथेचे बहुतेक भाग बीबीसीकडे कृष्णधवलच उरले होते. अमेरिकेत प्रक्षेपण झाले तेव्हा कुणीतरी ते घरच्या बीटामॅक्सवर घेतले होते. त्या कॅसेटवरचे रंग घेऊन १९९२ च्या सुमारास ती कथा पुन्हा रंगीत करण्यात आली. बलाढ्य संस्थेच्या तिजोरीत जे नव्हते ते एका दिवाणखान्यात निघाले!

चित्रपट टिकला तरी कोणता टिकला, हाही प्रश्न असतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी १९९७ साली बरेच फेरफार केले आणि त्यानंतर तीच आवृत्ती सगळीकडे दिसू लागली. मूळ रूप २००६ साली डीव्हीडीवर दिले तेही १९९३ साली लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. ज्यांनी जुन्या कॅसेट टाकल्या नव्हत्या, त्यांच्याकडे मात्र ते होतेच.

मग व्हीसीडी आल्या, डीव्हीडी आल्या. आता तर एक बटण दाबले की चित्रपट हजर. पण तो आपल्याकडे नसतो, फक्त दाखवला जातो. ‘क्रेटर’ हा चंद्रावरच्या मुलांचा चित्रपट डिस्नेने मे २०२३ मध्ये आपल्या ऑनलाइन वाहिनीवर आणला आणि सात आठवड्यांत तिथून काढूनही टाकला. नंतर तो विकत मिळू लागला, हे खरे. तरीही दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली आपल्याकडे नसते, हे त्यातून दिसले.

आता मंडळाचा संबंध. मंडळाच्या लोखंडी कपाटात उत्सवाच्या २३ व्हीएचएस कॅसेट आहेत. सर्वांत जुनी १९८७ ची. त्यांत आपली नाटके आहेत, मुलांची वेशभूषा स्पर्धा आहे, बायकांच्या फुगड्या आहेत आणि आज हयात नसलेल्या संस्थापक सभासदांचे बोलणे आहे. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. दोन कॅसेटवर पांढरी बुरशी चढलेली मी पाहिली. आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ सालीच उत्पादन थांबवले आहे. जुने यंत्र बिघडले तर सुटे भाग मिळणे दर वर्षी अवघड होणार.

माझा व्हीसीआर अजून चालतो. त्याला जोडणी करून कॅसेट संगणकावर घेता येते. मात्र तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच, घाई चालत नाही. बुरशी लागलेली कॅसेट कृपा करून कुणी लावून पाहू नका. ती यंत्राचे हेड खराब करते आणि तिथून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. तिची आधी जाणकाराकडून सफाई हवी. उरलेल्या उभ्या ठेवा, उन्हापासून, ओलीपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. तयार झालेल्या प्रती एक मंडळात, एक कुणा सभासदाकडे आणि एक गावाबाहेर अशा तीन ठिकाणी ठेवू.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी सकाळी मी मंडळाच्या खोलीत यंत्र घेऊन बसणार आहे. मदतीला दोन तरुण हात हवेत. तुमच्या पोटमाळ्यावर उत्सवाच्या कॅसेट असतील तर घेऊन या. लग्नामुंजीच्याही चालतील. वर वर्ष लिहिलेले नसले तरी चालेल, चेहरे पाहून ओळखणारी जुनी मंडळी आपल्यात अजून आहेत, तीही सोबत आली तर फारच उत्तम. कॅसेट जशीच्या तशी परत मिळेल, आणि चहा माझ्याकडून.