बोरघाट : मेंढपाळाच्या वाटेपासून यंत्राच्या दृष्टीपर्यंत

बोरघाटाची चढण संपून मावळचे पठार जेथे सुरू होते, तेथे लोणावळ्याच्या शेजारी कुसगाव हे गाव आहे. मुंबईहून निघालेली वाट कोणत्याही काळातील असो, घाट चढून ती याच मुलखात येते. द्रुतगती महामार्गाचा पथकर नाका कुसगावास आहे. आणि २०१९ मध्ये ज्याचे काम हाती घेण्यात आले, त्या खोपोली-कुसगाव जोडरस्त्याचे वरचे टोकही हेच गाव होय. घाट सुगम करण्याचा माणसाचा प्रयत्न दोनशे वर्षांचा आहे, आणि त्या प्रयत्नाची किंमत प्रत्येक पिढीने प्राण देऊन चुकविली आहे.

आख्यायिका अशी की, इंग्रज अभियंत्यांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने मेंढरांच्या पायाखालची वाट त्यांना दाखविली. आणि वाट दाखविणाऱ्याचाच पुढे वध झाला. त्याचे देऊळ घाटात आहे, आणि जाता-येता वाहनचालक तेथे नाणे वाहतात. कथा खरी असो वा नसो, घाटाचे ज्ञान कोणाकडून आले आणि त्याचे मोल कोणी दिले, याची स्मृती लोकमानसाने तिच्यात जतन केली आहे.

लिखित इतिहासही याहून फारसा निराळा नाही. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे १८५६ ते १८६३ या काळात जेम्स बर्कले या अभियंत्याच्या योजनेनुसार पंचवीस बोगदे खोदून लोहमार्ग वर आणण्यात आला. त्या कामावर पटकी व इतर व्याधींनी हजारो मजूर दगावले. १८६७ मध्ये घाटातील एक मोठा दगडी पूल ढासळला. उतारावर ताबा सुटलेल्या गाडीस बाजूच्या चढावर वळवून थांबविणारी ‘कॅच सायडिंग’ची युक्ती ही अशाच कटू अनुभवांची शिकवण होय.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला. प्रवासाचे तास वाचले; परंतु वेगाबरोबर मृत्यूही वाढले. २०१६ या एका वर्षात या सुमारे ९५ किलोमीटरांवर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्ह लाइफ फाउंडेशन व महिंद्र उद्योगसमूह यांनी ‘शून्य मृत्यू’ हे ध्येय ठेवून काम आरंभिले. त्याची रीत साधी होती. प्रत्येक अपघाताची जागा जाऊन पाहावयाची, माणूस नेमका कशामुळे मेला हे शोधावयाचे, आणि तो खांब, ते उघडे टोक, ती फट दूर करावयाची. २०२० मध्ये मृत्यूंची संख्या ६६ वर आली. टाळेबंदीमुळे त्या वर्षी वाहतूक कमी होती हे खरे. तथापि त्यापूर्वीच हा आकडा उतरू लागला होता.

या रीतीस एक अपरिहार्य मर्यादा आहे : माणूस मेल्यावाचून ती शिकू शकत नाही. येथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे महत्त्व कळून येते. २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसविण्यात आले. समोर धोका दिसताच यंत्र चालकास सूचना देते, आणि जेथे टक्कर होता होता टळली ती जागाही नोंदविते. जेथे अपघात वारंवार घडले, त्या जागांस ‘काळे ठिपके’ म्हणण्याची वहिवाट जुनी आहे. टळलेल्या अपघातांच्या जागांस येथे ‘करडे ठिपके’ हे नाव मिळाले. करडा ठिपका काळा होण्यापूर्वी तेथील रस्ता सुधारता आला, तर एखादा मृत्यू घडण्याआधीच टळेल.

हा प्रश्न केवळ एका घाटाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये जगातील रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मेली. त्यांपैकी ९२ टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जेथे जगातील वाहने साठ टक्क्यांच्याच आसपास आहेत. भारतात २०२२ मध्ये हा आकडा १,६८,४९१ होता. परंतु श्रीमंत देशांतील यंत्र उचलून गरीब देशात आणले की काम झाले, असे नाही. जर्मन शहरांची शिस्तबद्ध चित्रे पाहून शिकलेल्या यंत्रास रिक्षा ओळखता येत नाही, की रस्त्यात बसलेली गायही समजत नाही. म्हणूनच हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये हैदराबाद व बंगळूर येथील रस्त्यांची सुमारे दहा हजार चित्रे टिपून, त्यांतील प्रत्येक वस्तूस नाव देऊन, ती अभ्यासकांस खुली केली. यंत्रासही देशाची ओळख करून द्यावी लागते.

जुलै २०२४ मध्ये द्रुतगती महामार्गावरही अशी दृष्टी आली. कमानींवरील कॅमेरे सतरा प्रकारचे नियमभंग ओळखू लागले. दोन कमानींमधील अंतर कापण्यास लागलेल्या वेळावरून वाहनाचा सरासरी वेगही निघू लागला. पहिल्या वर्षभरात लाखो दंडपावत्या निघाल्या, आणि त्यांतील बहुतेक रक्कम वसुलीवाचून राहिली. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी या ई-चलानांविरुद्ध राज्यात संप पुकारला. चढावर रखडणाऱ्या गाडीस ओलांडण्यासाठी मार्गिका सोडणारा मालमोटारचालक यंत्रास केवळ गुन्हेगार दिसतो. परंतु एकाच वळणावर शेकडो चालक तीच चूक करीत असतील, तर दोष त्या वळणात, फलकात वा मार्गिकेच्या आखणीतही असू शकतो. ती नोंद दंडाच्या दप्तरात पडून राहावी की रस्त्याच्या अभियंत्यापुढे जावी, हे यंत्र ठरवीत नाही. ते शासनाने ठरवावयाचे आहे.

घाटास पाहणारे डोळे आजवर अनेक मिळाले. शिंग्रोब्याने पाहिले, बर्कलेने पाहिले, अपघातांचा तपास करणाऱ्यांनी पाहिले; आणि पाहिलेले ज्यांनी ऐकले, त्यांच्या हातून वाट सुधारली. यंत्राच्या दृष्टीचे यशही दंडाच्या रकमेवरून मोजता येणार नाही. कुसगावच्या नाक्यावरून गेलेली किती माणसे सुखरूप घरी पोहोचली, एवढाच त्याचा हिशेब आहे.