पेपर कोणी चोरला?

1881 साली लंडनच्या 'बॉइज ओन पेपर' या मुलांच्या साप्ताहिकात 'द फिफ्थ फॉर्म ॲट सेंट डॉमिनिक्स' ही कादंबरी क्रमशः यायला लागली. लेखक टॅलबॉट बेन्स रीड. त्याच्या घरचा धंदा छापखान्यांसाठी खिळे ओतण्याचा. तो स्वतः घरी राहून शाळेत शिकलेला. बोर्डिंगात तो कधीच राहिला नव्हता, तरी बोर्डिंगातल्या रहस्यकथेचा पाया त्याच्याच या गोष्टीत आहे असं मला वाटतं.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा पेपर मुख्याध्यापकांच्या खोलीतून नाहीसा होतो. संशय येतो पाचवीतल्या ऑलिव्हर ग्रीनफिल्डवर. (इंग्लंडमधली पाचवी म्हणजे चांगली मिसरूड फुटलेली मुलं.) परीक्षेत ऑलिव्हर पहिला येतो आणि संशय आणखी घट्ट होतो. वर्ग त्याला वाळीत टाकतो. तोही मानी, आपण निर्दोष आहोत हे सांगत फिरणं त्याला कमीपणाचं वाटतं. खरा चोर असतो वरच्या वर्गातला लोमन, गावातल्या एका लबाड माणसाच्या देण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. म्हणजे रहस्य आहे, खोटा आरोपी आहे, खरा गुन्हेगारही आहे. नाही तो फक्त गुप्तहेर. उलगडा होतो तो लोमनच्या कबुलीजबाबातून.

सगळ्यांना एकमेकांचं सगळं दिसतं अशा ठिकाणी रहस्य टिकतं कसं? त्याचं उत्तर या शाळांच्या घडणीत आहे. टॉमस अर्नोल्ड 1828 मध्ये रग्बी शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि वसतिगृहातली शिस्त त्याने मोठ्या प्रमाणात सहावीच्या मुलांवर सोपवली. दिवे मालवल्यावर खोल्यांत मुलांचंच राज्य. त्या राज्यात सगळ्यांत मोठं पाप एकच : मास्तरांना नाव सांगणं. टॉमस ह्यूज हा याच शाळेचा विद्यार्थी. त्याच्या 1857 च्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज'मध्ये फ्लॅशमन छोट्या टॉमला शेकोटीसमोर धरून भाजतो, कारण टॉम आपलं घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीचं तिकीट विकायला तयार नसतो. पोर बेशुद्ध पडतं, पण कोणी केलं ते शेवटपर्यंत सांगत नाही. ह्यूजला यात मर्दपणा दिसला. मला यात रहस्यकथेचं बी दिसतं. जिथे साक्षीदार बोलणार नाहीत आणि मोठ्या माणसांना विचारायची सोय नाही, तिथे सत्य शोधायचं तर ते मुलांनाच शोधावं लागणार.

पुढच्याच वर्षी फ्रेडरिक फरारची 'एरिक' आली. या फरारचा जन्म मुंबईचा. त्याच्या गोष्टीतही चोरी आहेच : क्रिकेटसाठी जमवलेले पैसे जातात आणि आळ एरिकवर येतो.

शोध घेणारा माणूस शाळेत आणला कॉनन डॉइलने. 1904 च्या 'प्रायरी स्कूल'मध्ये एका ड्यूकचा मुलगा निवासी शाळेतून नाहीसा होतो आणि होम्स माळरानावर सायकलच्या चाकांचे ठसे वाचत फिरतो. पण होम्स बाहेरचा, शिवाय मोठा माणूस. मुलांनी मिळून चोर पकडायचा, हे 1929 मध्ये एरिक केस्टनरच्या 'एमिल'ने बर्लिनच्या रस्त्यांवर करून दाखवलं. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, पण त्याची सायकल त्याला सतत शाळेच्या फाटकाबाहेर नेते.

एनिड ब्लायटनने शाळा आणि शोध पुष्कळ जवळ आणले. 1947 च्या 'सेकंड फॉर्म ॲट मॅलरी टॉवर्स'मध्ये मुलींच्या वस्तू चोरीला जातात. संशय शिष्यवृत्तीवर आलेल्या एलेनवर, कारण ती परीक्षेचे पेपर चोरून बघायला गेलेली असते. पुन्हा पेपरच! खरी चोर निघते श्रीमंतीचा आव आणणारी डॅफ्नी. मुद्देमाल सापडतो तो वादळी रात्री कड्यावर फुटलेल्या एका पार्सलमध्ये. इथेही मुलींनी माग काढलेला नाही. पार्सल हाती लागलं म्हणून कळलं. पण गरीब मुलीवर संशय किती पटकन जातो, हे ब्लायटनने बरोबर टिपलं आहे, आणि त्यासाठी मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं.

मुलींच्या हाती तपासाची वही खऱ्या अर्थाने आली 2014 मध्ये. रॉबिन स्टीव्हन्सच्या 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक'ची शाळा 1934 सालची आहे, नाव डीपडीन. हेझल वाँगला विज्ञानाच्या बाई व्यायामशाळेत मरून पडलेल्या दिसतात. ती मदत घेऊन परत येईपर्यंत मृतदेह गायब. बाई मेल्या आहेत यावर मोठी माणसं विश्वास ठेवणार कशी? मग हेझल आणि तिची मैत्रीण डेझी वेल्स दोघीच तपासाला लागतात. हेझल हाँगकाँगहून आलेली, वर्गात परकी. या शाळांच्या जुन्या गोष्टींत तिच्यासारखं पात्र हसण्यासाठी ठेवलेलं असे. 'मॅग्नेट' साप्ताहिकातल्या ग्रेफ्रायर्स शाळेत 1908 पासून हरी जमसेट राम सिंग नावाचा एक भारतीय राजपुत्र होता आणि त्याचं विचित्र इंग्रजी हा वाचकांच्या करमणुकीचा भाग होता. स्टीव्हन्सने मात्र सगळी गोष्टच हेझलच्या तोंडून सांगितली आहे. संशयितांची यादी, वेळा, कोण कुठे होतं याची नोंद, सगळं तिच्या अक्षरात.