सुईची काटकसर

संसारात पैसे कमी पडतात म्हणून भांडणं होतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. भांडणं होतात ती असलेले पैसे आधी कशावर घालवायचे यावरून. आमच्या बीडच्या घरात सध्या जुन्या रेकॉर्डप्लेअरवरून हाच खल चालू आहे. चिरंजीव म्हणतात, आधी मोठे स्पीकर. मेव्हण्यांचा कौल ॲम्प्लिफायरला. सौभाग्यवतींच्या मते आधी सागवानी कपाट करून घ्यावं, म्हणजे ऐकू आलं नाही तरी निदान दिसेल. एकटा मिस्त्री म्हणतो, "हौ भाऊ, आधी सुई बदला. मग पैसे उरले तर बाकीचं बघू." पण सुई पाहुण्यांना दाखवता येत नाही. त्यामुळे तिच्या बाजूने घरात एकही मत पडत नाही.

हा वाद आमच्या घरापुरता नाही. तबकडी जेवढी जुनी, जवळजवळ तेवढाच तोही जुना. 1902 साली फ्रेड गायस्बर्ग नावाच्या साहेबाने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं आणि आपल्याकडे तबकडीचा जमाना सुरू झाला. लोकांनी मान दिला तो कर्ण्याला. फुलासारखा उमललेला, चकचकीत, बैठकीकडे तोंड करून बसलेला. घरात जो मोठ्याने बोलतो त्यालाच कर्ता समजायची आपली रीत जुनीच आहे.

खरं काम करीत होती ती पोलादी सुई. तिच्या डोक्यावर शंभर ग्रॅमच्या वर भार आणि खाली गरगर फिरणारी लाखेची तबकडी. या लाखेत दगडाची बारीक भुकटी मुद्दाम मिसळलेली असे. का, तर पहिल्या काही फेऱ्यांतच सुई घासली जावी आणि खाचेच्या मापाची व्हावी. म्हणजे झिजायचं सुईने, तबकडीने नाही, असा तो करार होता. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावा असं बजावलेलं असे, आणि सुया विकायच्या त्या डबी भरून.

तीन मिनिटांच्या गाण्याला एक अख्खी सुई! हा हिशेब मराठवाड्याच्या माणसाला पटावा कसा? दुष्काळाने शिकवलेली आमची काटकसर एका काडीत दोन चुली पेटवणारी. आमच्या आजोबांनी निजामाच्या अमदानीत हाली शिक्क्याचे रुपये मोजून बालगंधर्वांच्या तबकड्या आणल्या, पण सुई बदलायची वेळ आली की म्हणत, "अजून टोक आहे की हिला!" एक सुई रात्रभर चाले. बोथट सुई मग करार उलटा करी आणि तबकडी झिजू लागे. झिजली तीही नेमकी आजीच्या आवडीची. काळ्याची करडी झाली. जी तबकडी घरात कुणालाच आवडली नाही ती मात्र आजही कालच घेतल्यासारखी आहे. दीर्घायुषी व्हायचं असेल तर लोकप्रिय होऊ नये, हे मी तिच्याकडून शिकलो.

1948 च्या जूनमध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँगप्ले काढली आणि सप्टेंबरात बीड निजामाच्या राज्यातून सुटलं. आमच्या गावाने यातल्या दुसऱ्या घटनेचीच दखल घेतली, हे योग्यच झालं. लाँगप्लेची खाच इतकी बारीक की तिच्या सुईचं टोक जुन्या सुईच्या साधारण एक तृतीयांश. पोलादी सुई तिच्यावर एकदा जरी चालवली तरी तबकडीचं वाटोळं. मग नीलमण्याची सुई आली, हिऱ्याची आली. भारही शंभर ग्रॅमवरून उतरत चांगल्या पिकअपमध्ये दीड-दोन ग्रॅमवर आला. आता सुई टिकाऊ झाली. पण ती कधीच बदलावी लागत नाही अशी समजूत तिच्याहूनही टिकाऊ निघाली.

तरीही लोक आधी स्पीकरच घेत. 1970 नंतरच्या दशकात ग्लासगोच्या आयव्हर टीफेनब्रून यांनी 'लिन सोंडेक' हे टर्नटेबल काढलं आणि उलटा आग्रह धरला: पैसे आधी तबकडी वाजते त्या जागी घाला, तिथे जे हरवलं ते पुढे कुठलंच यंत्र परत आणू शकत नाही. साहेबाला हे जगाला पटवून सांगावं लागलं. आपल्याकडे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे पोरालाही ठाऊक असतं. ज्यांच्या गावाजवळ खजाना विहीर आहे त्या बीडकरांना तर सांगायलाच नको.

तेव्हा माझ्यापुरता क्रम ठरला आहे. पहिली सुई, जुन्या तबकड्यांना जाड, लाँगप्लेला बारीक. मग तिच्यावरचा भार मोजून नेमका करणं आणि प्लेअर समपातळीत ठेवणं. मग धुळीसाठी मऊ ब्रश, आणि तबकड्या उभ्या, पत्र्याखालच्या उन्हाळ्यापासून दूर. आमच्या वैशाखात तबकडीचा पापड व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर रबरी पट्टा. ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि कपाट यांनी रांगेत उभं राहावं.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली. सुई किंचित वेगळ्या जाडीची घेतली तर ती खाचेच्या भिंतीला थोडी वर किंवा खाली टेकते, म्हणजे जुनी सुई जिथे पोचलीच नव्हती तिथे. करड्या तबकडीतूनही मग थोडं गाणं परत मिळू शकतं. आजीची ती तबकडी आता दुसरी कुठून आणणार? हे काम स्पीकरचं नव्हे. स्पीकर मोठा आणला, तर आजोबांची काटकसर तेवढी मोठ्याने ऐकू येईल.